पहिल्या घाण्याचं मीठ

न्हाई, न्हाई, ताई, पैशाचं नंतर बघू — आधी ते एक भजं तोंडात घाला अन् मला सांगा, मीठ कसं हाय. फुंकून खा, आत्ताच कढईतून काढलंय. सावकाश. तुमची परभणीची गाडी कुठं पळून जात न्हाई, ती अजून ताडकळसात शिरली बी न्हाई, शिरली की हॉर्न वाजवतच येती, बाजारच्या दिवशी ड्रायव्हरला दुसरं कामच नसतं. घाला तोंडात. कसं हाय? — काय? मी स्वतः का चाखत न्हाई? घ्या! सकाळपासून हे विचारणाऱ्या तुमी चौथ्या. दाढ दुखायली माझी. ही, इकडची. — दाढ दुखणारी बाई एवढं बोलती का, असं आलं ना तुमच्या मनात? आलंच. तोंडावर दिसलं. मला खोटं बोलता येत न्हाई, ताई. म्हणजे येतं, लय चांगलं येतं, त्याचंच तर सगळं — ते जाऊ द्या. उपास हाय मला. झालं. सांगून टाकलं. सांगायचा नसतो.

सांगायचा नसतो म्हणजे काय — आमी ख्रिस्ती हाव, अन् आमच्या शास्त्रात लिहिलंय की उपास धरला तर तोंड पाडून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, माणसांना दिसू देऊ नका, देवाला दिसलं म्हणजे बस. वाचायला किती सोपं हाय! पहिल्या दिवशी मी काय केलं — वाटीभर तेल डोक्यावर थापलं, चापून भांग पाडला, ठेवणीतली पोपटी साडी नेसले अन् कढईपुढं येऊन बसले. एरवी मी कशी असते? जुना गाऊन, वरून मालकाचा शर्ट, केस कसेतरी गुंडाळलेले. शेजारचे हे चहावाले आबासाहेब, ह्यांनी बघितलं अन् तिथूनच आवाज दिला, "काय सरजाबाई, पोरीला बघायला पाहुणे यायलेत का?" म्हणलं, पोरगी नववीला हाय, आबासाहेब, जरा जीभ आवरा. तर म्हणतेत, "मग तुमाला बघायला यायलेत का?" अख्खा बाजार हसला. देवाला दिसावं म्हणून केलं, अन् देव सोडून सगळ्यांना दिसलं.

अन् एवढं करून उपास तरी लपला म्हणावं, तर तो बी नऊच्या आत कळला. कशावरून? मिठावरून. बारा वर्षांची सवय हाय माझी, पहिल्या घाण्यातलं पहिलं भजं माझं. ते खाऊन मान हालवल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या कागदावर एक भजं ठेवत न्हाई. लोकांना ते इतकं पाठ झालंय, की माझी मान हालली की त्यांचे हात पुढं येतेत. त्या दिवशी मी घाणा काढला अन् नुसती बसले. लोक बी बसले. मी त्यांच्याकडं बघायले, ते माझ्याकडं बघायलेत, अन् मधी भजे गार व्हायलेत. शेवटी ती बांगड्यावाली मनिषा म्हणली, "काकू, उपास हाय का काय?" झालं! अर्ध्या तासात तिनं डबा आणला — साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट लावलेली, वर लिंबाची फोड. कुणी केळी दिली, कुणी राजगिऱ्याचा लाडू. म्हणलं, बाई, आमच्या उपासाला हे चालत न्हाई. "मग भगर आणू का?" भगर बी न्हाई. "मग चालतं काय?" पाणी. दिवस मावळेपर्यंत नुसतं पाणी. मनिषा अशी बघायली माझ्याकडं, जसं काय मी विहिरीच्या काठावर उभी हाय. म्हणली, "असला कसला उपास, काकू, ज्याच्यात खायलाच न्हाई?" — हसा, हसा. मी बी हसले. हसता हसता खिचडीचा वास घेत होते, ते वेगळं.

आता तुमी म्हणाल, चाखायचं अन् थुंकून टाकायचं. हुशार दिसता तुमी. मला बी सुचलं होतं, त्याच दिवशी सुचलं. ह्या पालाच्या मागं गेले, कालवलेलं पीठ बोटावर घेतलं, मनात म्हणलं, प्रभू, हे खाणं न्हाई, हा धंदा हाय — अन् जिभेवर ठेवलं. थुंकायला तोंड उघडायच्या आत ते खाली गेलं. जिभेनं मला विचारलं बी न्हाई. मग म्हणलं, कच्चं पीठ गेलंच हाय पोटात, त्याच्यापेक्षा तळलेलं बरं. एक खाल्लं. मग एकानं काय होतंय म्हणून — सहा खाल्ले, ताई. पालाच्या मागं, उभ्यानं, पोपटी साडीत. अन् तोंड पुसून पुन्हा कढईपुढं येऊन बसले, उपासवालीचं तोंड करून. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक धरला, अन् ठरवलं, दिवस मावळेपर्यंत जिभेला मीठ लागू द्यायचं न्हाई. आज नववा दिवस हाय. एकवीस करायचेत. संध्याकाळी मी हातात भाकर धरून दारात उभी असते, सूर्याकडं बघत. सृष्टी म्हणती, आई, त्याला ढकलतीस का काय. सृष्टी म्हणजे माझी पोरगी, ती नववीतली.

खरं तर आमच्या पास्टरांनी चाळीस सांगितले होते. ईस्टरच्या आधी आमचा उपासाचा काळ असतो, चाळीस दिवसांचा. पूर्णा गावाला आमची मंडळी जमती दर रविवारी, तिथं त्यांनी वही फिरवली — कोण किती दिवस धरणार अन् कशासाठी धरणार. माझ्या आधीच्या बाईनं चाळीस लिहिले. मला बी वाटलं लिहावं चाळीस, मग आठवलं, आपला धंदा भज्याचा हाय, चपलांचा न्हाई. एकवीस लिहिले. पुढं 'कशासाठी' म्हणून जागा होती. कुणी लिहिलं होतं पोराची नोकरी, कुणी गुडघेदुखी. मी लिहिलं, मैत्रिणीचं मन मऊ व्हावं म्हणून. पास्टरांनी ते सगळ्यांपुढं वाचलं. म्हणले, बघा, सरजाबाई स्वतःसाठी काहीच मागत न्हाईत. मी खाली बघितलं. खाली बघितलं की माणूस लय नम्र दिसतं. आता पूर्णेत पन्नास माणसं रोज गुडघे टेकून देवाला म्हणतेत, ताडकळसच्या सुमनबाईचं मन मऊ कर.

ती बघा सुमनबाई. — असं एकदम मान वळवून बघू नका, ताई! तिला कळंल. रस्त्याच्या पलीकडं, लिंबाच्या झाडाखाली, निळं पाल. भजेच तळती ती बी. दहा महिने झाले, माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. बारा वर्षं आमी दोघी समोरासमोर बसतो, तिचं पीठ संपलं तर माझं, माझा गॅस संपला तर तिचा, अन् आता मधी हा एवढा रस्ता — तीन ढांगा तरी हाय का? — अन् तो ओलांडायला मी देवाला पाठवायले. तिनं पुन्हा एकदा "सरजा" म्हणून हाक मारावी, एवढंच मागणं हाय माझं. — कामून बोलत न्हाई म्हणता? माणसाचं मन हाय, ताई. फिरतं. आपण काय सांगणार. एखाद्या बाईला उगंच राग येतो, कारण न्हाई, काही न्हाई — तुमी दुसरं घ्या की. गार व्हायलेत.

खरं सांगते, सुमन बोलायची थांबली म्हणून मी देवाशी बोलायला लागले. तसं लग्न झाल्यापासून ख्रिस्ती हाय मी, सासऱ्यापासून हाय आमच्यात, पण आपलं रविवारी जायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, नाताळाला करंज्या करायच्या, एवढंच. प्रार्थना पास्टर करायचे अन् आमेन मी म्हणायची. पण दिवसभर कढईपुढं बसलं की बोलायला कुणीतरी लागतं का न्हाई? मालक कारखान्यावर गंगाखेडला, सीझन संपला की येणार. आधी सुमन होती, तिकडून ती ओरडायची, इकडून मी. ती गप झाली, अन् चार-पाच दिवसांत माझ्या पोटात एवढं बोलणं साठलं, की कांदा चिरता चिरता मी म्हणलं, बरं देवा, तू ऐक. तेव्हापासून ऐकायलाय बिचारा. डोळे मिटून प्रार्थना करावी म्हणतेत — तापलेल्या तेलापुढं एकदा डोळे मिटून बघा! मी उघड्या डोळ्यांनीच करते. कांदा चिरताना करते म्हणून डोळ्यांतून पाणी वाहतं, अन् हे आबासाहेब गिऱ्हाइकांना सांगतेत, "बाईची भक्ती बघा, रोज रडती." मी त्यांना कधी कांदा दाखवला न्हाई. अन् रविवारी, जिथं खरोखर डोळे मिटायचे, तिथं मी झोपते. पहाटे उठणारी बाई मी, डोळे मिटले की गेलेच. मान खाली जाती, वर येती, पुन्हा खाली जाती, अन् मागं बसलेल्या बायांना वाटतं, सरजाबाई एकेक वाक्य मनाला लावून घ्यायल्यात. सध्या मात्र एका ठिकाणी मी टक्क जागी असते. आमच्या प्रार्थनेत हाय ना, रोजची भाकर आज आमाला दे — तिथं माझा आवाज सगळ्यांच्या वर जातो.

वाचायचं म्हणाल, तर चौथीपर्यंत शिकले मी. अक्षर जुळवत वाचते, ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. म्हणून सृष्टी पहाटे वाचून दाखवती, अन् मी मिरच्या पुसत असते, कांदे सोलत असते. लय गरीब पोरगी हाय ती, वर्गात हजेरीला सुद्धा तिचा आवाज बाईंपर्यंत पोचत न्हाई, पण वाचती लय स्वच्छ. उपासाच्या पहिल्या दिवशी तिनं प्रभूची डोंगरावरची शिकवण काढली. त्यात एक जागा हाय — तुम्ही जगाचं मीठ आहात, अन् मिठाचीच चव गेली तर त्याला खारट कशानं करणार? ताई, मी हातातली मिरची खाली ठेवली. म्हणलं, हे तर आपल्या धंद्याचं हाय! एवढ्या मोठ्या शास्त्रात कुणीतरी भजेवालीचा विचार केलाय. तिला म्हणलं, पुन्हा वाच. वाचलं. दुसऱ्या दिवशी म्हणलं, तेच वाच. तिसऱ्या दिवशी बी तेच. ती म्हणली, "आई, ह्याच्या पुढं बी हाय." म्हणलं, असू दे, आपल्याला मिठाचंच चांगलं हाय, बाकीचं उद्या. असं किती दिवस त्या पोरीला मी पान उलटू दिलं न्हाई. — कामून? पुढं काय हाय ते मला ठाऊक होतं म्हणून. पास्टरांनी मागं एकदा त्याच्यावर सांगितलं होतं, अन् नेमकी त्या रविवारी मला झोप लागली नव्हती.

सुमनचं सांगत होते. तिचा उपास बाजाराच्या वारीच येतो. देवीचा उपास, लग्नाआधीपासूनचा. बाजाराच्या दिवशी धंदा सगळ्यात जास्त, अन् त्याच दिवशी तिची जीभ बंद. मग आमचं ठरलेलं होतं. सकाळी पीठ कालवलं की चमच्यात थोडं घेऊन ती रस्ता ओलांडून यायची, पदराआड धरून, जसं काय औषधच हाय. मी जिभेवर घ्यायची. "टाक अजून चिमूटभर." न्हाईतर, "बास, एक नंबर." माझ्या शब्दावर ती घाणा सोडायची, दुसऱ्यांदा विचारायची न्हाई. बारा वर्षं, ताई. तिच्या देवीच्या उपासाचं मीठ ह्या ख्रिस्ती बाईच्या जिभेवर होतं. आबासाहेब म्हणायचे, "उपास एकीचा अन् चव दुसरीची, तुमच्या दोघींच्या देवांनी आधी आपसात ठरवून घ्यावं." सुमन म्हणायची, "ठरलंय त्यांचं, तुमी चहात साखर टाका." कुणी तिला म्हणलं असतं ना, की दुसऱ्या कुणाला विचारत जा, तर ती —

तुमी काय करायलात, ताई?

न्हाई, त्या मिरचीचं काय करायलात? मी कवाची बघायले. मीठ कसं हाय म्हणून विचारलं, तर मान हालवलीत, बरोबर हाय म्हणलात. अन् आता तळलेल्या मिरचीवरचं मीठ भज्याला पुसून पुसून खायलात. म्हणजे अळणी हाय. पिठात मीठच न्हाई. टाकायचं राहिलं माझ्याकडून. — अहो, तुमी कशाला माफी मागायलात! मला वाईट वाटू नये म्हणून म्हणलात, चांगल्या मनानं म्हणलात. इथले लोक उपासवाली बाई म्हणून गोड बोलतेत, म्हणून तर मी परगावच्या माणसाला विचारते. तुमचं काही चुकलं न्हाई. पण ते तोंड, ताई. "बरोबर हाय" म्हणतानाचं तुमचं ते तोंड — एकदम सरळ, अन् डोळे जरासे बाजूला. ते तोंड मला ठाऊक हाय. मी स्वतः केलंय एकदा. अन् मी चांगल्या मनानं केलं न्हाई.

आता सुरू केलंच हाय तर ऐका, गाडी तशी बी आली न्हाई. गेल्या वैशाखात इथं एका मोठ्या घरी साखरपुडा होता, शंभर माणसांच्या भज्यांची ऑर्डर आली. असली कामं आमी दोघी मिळून करायचो, दोन कढया, दोन झारे. ह्या वेळी सुमन एकटीच बोलणी करायला गेली, अन् आली ती खाली बघत. म्हणली, त्यांच्यात काही जुनी माणसं हायेत, त्यांना ख्रिस्ती बाईच्या हातचं नको. म्हणलं, मग तू काय म्हणलीस? "मी काय म्हणणार, सरजा? काम मोठं हाय." म्हणलं, बरं. हसून म्हणलं, ताई. माझा मोठा झारा बी दिला तिला. साखरपुड्याचा वार बाजाराचाच होता. त्या घराच्या मागं तिनं चूल मांडली होती, तिथून ती चालत आली, पदराआड चमचा धरून, ह्याच पालाच्या मागं. "जरा बघ गं सरजा, गडबडीत मीठ टाकलं का न्हाई, आठवत न्हाई." म्हणजे माझे हात चालत नव्हते, अन् जीभ चालत होती. मी पीठ जिभेवर घेतलं. मिठाचा एक खडा न्हाई त्यात. नुसतं डाळीचं पीठ अन् ओवा. अन् मी असं, तुमच्यासारखं, सरळ तोंड केलं, अन् म्हणलं — बास, एक नंबर.

शंभर माणसं. नवऱ्याकडचे लोक ताटात भजे तसेच ठेवून उठले. कुणीतरी म्हणलं, मुलीवाल्यांकडं मिठाला मनाई हाय का. गावभर झालं ते. पोरं सुमनच्या पालापुढून जाताना ओरडायची, "अळणी मावशी! अळणी मावशी!" अन् मी इथं बसून ऐकायची. सांगू का — पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. एक दिवस. फक्त एक दिवस, पण वाटलं. ती माझ्याशी भांडली असती, केस धरून ओढलं असतं, तर आमचं दुसऱ्या दिवशी मिटलं असतं. ती आली, माझा झारा घासून-पुसून परत दिला, अन् माझ्या तोंडाकडं नुसती बघत उभी राहिली. कळलं होतं तिला. बारा वर्षं माझ्या जिभेवर चालणारी बाई, तिला कळणार न्हाई? मग गेली. तेवढंच. अन् वहीत मी काय लिहिलं? मैत्रिणीचं मन मऊ व्हावं! पास्टर, पन्नास माणसं अन् वर देव, एवढ्या सगळ्यांना मी कामाला लावलंय, ताई, अन् पत्ता चुकीचा दिलाय. तरी विचार करत होते, नऊ दिवस झाले, अजून ती बघत कशी न्हाई.

आज पहाटे सृष्टीनं काय केलं — मी म्हणलं, मिठाचं वाच, अन् तिनं मला न विचारता पान उलटलं. ही पोरगी, जी उंदराला सुद्धा हळू हाकलती! वाचत गेली — की तू देवापुढं दान घेऊन आलास, अन् तिथं तुला आठवलं की तुझ्या माणसाच्या मनात तुझ्याविषयी काही हाय, तर ते दान तिथंच ठेव, आधी जा, त्याच्याशी नीट कर, अन् मग ये. वाचलं अन् थांबली. "आई, ऐकलंस का?" मी म्हणलं, कांदा चिरायले, डोळे झोंबायलेत, दिसत न्हाई का तुला? तिनं पुस्तक मिटलं अन् दप्तर भरायला गेली. माझ्या हातात लसूण होता, ताई. त्याच नादात पिठात मीठ टाकायचं राहिलं असंल, दुसरं काय.

अन् सगळ्यात वाईट तर मी सांगितलंच न्हाई. ते अळणी मावशी-बिवशी पोरं विसरली. पण सुमन आता कुणाच्याच जिभेवर भरवसा ठेवत न्हाई. दर बाजारी पीठ कालवती, लिंबाकडं तोंड करती, पदर आडवा धरती, अन् स्वतः चाखती. इतक्या वर्षांत एक वार न चुकवलेला देवीचा उपास मोडती, दर बाजारी. कुणाला दिसत न्हाई. मला दिसतं, मी समोरच बसते. पदर खाली आला की तिचे ओठ हालतेत, देवीची माफी मागत असंल. आज सकाळी बी मोडला तिनं, मी बघितलं, अन् मग माझ्या तेल लावलेल्या डोक्यावरून हात फिरवून म्हणलं, प्रभू, माझा नववा दिवस सुखरूप पार पाड. तिचा उपास मोडून मी इथं माझे दिवस मोजायले! माझ्या जागी दुसरी कुणी असती तर मीच तिला काय काय बोलले असते, अन् किती चविष्ट बोलले असते.

आली बघा तुमची गाडी. म्हणलं नव्हतं, हॉर्न वाजवतच येती? उठा, पिशवी घ्या, जागा मिळणार न्हाई न्हाईतर. — अन् ते बघा. बघा, आता मान वळवली तरी चालंल. नवं पीठ कालवायली ती, सकाळचं संपलं वाटतं. म्हणजे आता पुन्हा चमचा घेणार. पुन्हा लिंबाकडं वळणार.

ताई, जा तुमी. पैसे नको म्हणलं ना! मीठच न्हाई तर पैसे कशाचे? ते राहिलेले बी टाकून द्या, न्हाईतर गावाकडं गेल्यावर माझं नाव घ्याल. हा गॅस बंद केला मी. — माझा उपास? मोडंल की. कच्चं पीठ जिभेवर आलं की मी गिळतेच, सांगितलं न्हाई का मघाशी, माझी जीभ माझं ऐकत न्हाई. मोडू दे. उद्या पुन्हा एक. अन् पास्टरांना म्हणते, वहीतलं ते मैत्रिणीचं खोडा, तिथं माझंच नाव लिहा. ही चप्पल कुठं गेली — राहू दे चप्पल. आबासाहेब, हसायला काय झालं, कढईकडं बघा जरा! जा ताई, कंडक्टर बेल मारायलाय, जा, पळा —

सुमे! ए सुमे! पदर खाली घे! तोंडात घालू नको, थांब, मी आले — मी चाखते —

अशी काय बघायलीस? ह्या वेळी खरं सांगते. दे तो चमचा.